वीस गेजचा पत्रा आणि पहिली धार

प्रिय वन्सं,

एका छपराखाली राहणाऱ्या बायका एकमेकींना पत्रं कशाला लिहितील? इतक्या वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहायची वेळ आली नाही. आता लिहितेय, कारण काल जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. आणि चाळीत कुणाला सांगितलं, तर मला धरून देवऋष्याकडे नेतील.

सुरुवात गेल्या महिन्यात झाली. यांनी भंगारवाल्याला बोलावलं. तुमचं तांब्याचं भांडं काढायला. परसातल्या आडोशाला पोतं घालून ठेवलेलं ते. तुम्ही गेल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. भंगारवाल्यानं पोतं ओढलं, दोन्ही हातांनी उचलायला वाकला आणि झटक्यात मागे सरला.

"बाई, ये तो गरम है. चूल्हे से अभी उतारा क्या?"

हे हसले. ऊन लागलं असेल, म्हणाले. कसलं ऊन हो? आपल्या परसात शेजारची भिंत आडवी येते, भर दुपारीसुद्धा उन्हाची तिरीप नसते. मग यांनी स्वतः हात लावला आणि हसू गेलं. "राहू दे, नंतर बघू," म्हणाले आणि त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं.

ते गेल्यावर मी हात लावला. कढत नव्हतं. अंगात कणकण असलेल्या माणसाचं कपाळ लागतं, तसं लागलं.

असं का हो केलंत? या भांड्याचं पुढं काय करायचं, एवढं तरी सांगून जायचंत! आमसुलं कुठल्या बरणीत ठेवलीत ते सांगितलंत, माझ्या ओटीच्या साडीला फॉल लावायचा राहिलाय ते सांगितलंत. आणि हे विसरलात?

वन्सं, मला भाऊजी आठवतात ते पांढऱ्या शर्टात, हसरे. मुलुंडच्या कंपनीत फिटर होते, आणि तुम्हाला घेऊन आमच्याकडे मरोळला आले की पहिल्यांदा माझ्या शिवणयंत्राला तेल घालायचे. ते बेवडे नव्हते. सणासुदीला, लग्नाकार्यात चारचौघांबरोबर एखादा ग्लास, बस. कंपनीतल्या कुणाच्या तरी भावाची हळद होती, तिथं कुणी खाडीकडून कॅन भरून दारू आणली होती. घरी आले तेव्हा ठीक होते. झोपलेही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांना जेवायला वाढलंत. खिडकी उघडी होती, ताटावर ऊन होतं. आणि त्यांनी मान वर करून तुम्हाला विचारलं, "दिवो लाय गो. भर दुपारी काळोख कसो इलो?"

तुम्हाला आधी थट्टाच वाटली. मग तुम्ही उठून बल्ब लावलात, आणि ते चिडले. "लाय म्हटलंय मा!"

हे मला तुम्ही कितीदा सांगितलंत, आणि दरवेळी तेच शब्द, तसेच. तुम्ही बल्ब लावला होता, उन्हात, आणि ते ओरडत होते दिवा लाव म्हणून. हॉस्पिटलच्या वॉर्डात ती विषारी दारू प्यालेली, त्याच हळदीची माणसं ओळीनं पडली होती. काही गेली, काही राहिली. भाऊजी गेले.

मग तुम्ही पत्र्याची ट्रंक घेऊन आमच्याकडे आलात. आणि तुम्ही आल्यावर आमच्या घरात दिवसा दिवा लागायला लागला.

सुरुवातीला मी तुम्हालाच बोलले, आठवतं? "वन्सं, दिवसाढवळ्या बल्ब कशाला?" तुम्ही म्हणालात, "मी नाय लायलंय." मला वाटलं, दुःखात माणूस विसरतं. मी बंद करायची. भांडी घासून आत यावं, तर परत चालू. एकदा मी रागानं बल्बच काढून ठेवला. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत.

आणि ती दुपार. आपण दोघी उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसलो होतो. आत कुणीही नव्हतं. आमचं ते काळं जुनं बटण किती घट्ट, अंगठ्यानं जोर लावावा लागायचा. ते आत खटकन वाजलं. मागून आपल्या दोघींच्या सावल्या अंगणात पडल्या, अगदी फिकट, उन्हातल्या.

माझ्या हातातलं ताट सांडलं. तुम्ही मान वळवली नाहीत. "इलो," म्हणालात आणि सूप पाखडत राहिलात.

त्या दिवशी तुम्ही मला आजोबांच्या भाटीचं सांगितलंत. मालवणच्या पुढं तुमचं गाव, आजोबा माडीची दारू काढायचे, तांब्याच्या भाटीत. धार सुरू झाली की पहिली वाटीभर ते कुणाला देत नसत, स्वतः जिभेला लावत नसत. माडाच्या मुळाशी ओतायचे आणि मागे न बघता परत यायचे. "पयली धार मेल्यांची. दुसरी देवाची. मगे आपली," असं म्हणायचे.

"का पण?" मी विचारलं.

"कित्याक ता आजोबांनी कधी सांगूक नाय. त्या कॅनवाल्यान ती धार वेगळी काढूक नाय गो. सगळी एकात एक केल्यान आणि इकल्यान. तुझ्या भावोजीन मेल्यांचो वाटो प्यायलो. आता ते तेका सोडूचे नाय, आणि तेका पुढंय जाऊक गावाचा नाय. वाटो परत करूक होयो."

मी म्हटलं, दुकानातून एक बाटली आणू आणि ओतू झाडाखाली. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जसं मी गौरीला बिस्किटाचा पुडा दाखवायला निघाले होते. "बाटलीत पयली धार खंयची? ती हातान काढूक होयी. आणि तांब्यात."

यांचा पारा चढला. "माझ्या घरात भट्टी? च्यायला, ताई, पोलीस आले तर नोकरी जाईल माझी! चाळीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही!"

"एकदाच करूचा, वश्या. थोडीशी. आणि घोटभरसुद्धा कोणी पिऊचा नाय."

"नाही म्हणजे नाही."

मग एका रविवारी आपण मासळी आणायला गेलो आणि हे घरी एकटे राहिले. परत आलो तर हे अंगणात उभे, बनियनवर, अनवाणी. आत जाईनात. काय झालं, कितीदा विचारलं मी. आजतागायत सांगितलेलं नाही त्यांनी. "जे काय करायचं ते एकदाच करा आणि संपवा," एवढंच बोलले. तुम्ही मासळीची पिशवी माझ्या हातात दिलीत आणि भावाच्या पाठीवरून हात फिरवलात.

घाटकोपरच्या त्या तांब्यापितळेच्या दुकानात तुम्ही दुकानदाराची जी दमछाक केलीत ना, ती आठवली की आजही हसू येतं! मला तर गेजचा हिशोबच उलटा वाटत होता. आकडा मोठा तितका पत्रा पातळ, हे काय भलतंच? दुकानदारानं बावीस गेजचा पत्रा पुढं टाकला.

"कशासाठी हवाय, बाई?"

"गुलाबपाण्यासाठी," तुम्ही डोळ्याचं पातं न लववता म्हणालात.

"मग बावीस झकास. हलका, वळवायला सोपा."

तुम्ही दोन बोटांनी पत्रा दाबलात, तो ढुप्प करून आत गेला आणि ढुप्प करून बाहेर आला. "हा आचेवर नाचेल. आतलं खाली लागेल, करपेल. दुसरा दाखवा."

मग त्यानं अठराचा काढला. तो उचलताना माझं मनगट भरून आलं. तुम्ही नख मारून ऐकलंत. दगडावर मारावं तसा आवाज. "हा तापायला वेळ लावणार, आणि एकदा तापला की विस्तव काढला तरी ऐकणार नाही. शिवाय आम्हा दोघी बायकांना घरी वाकवायचाय. तळापुरता द्या हा. अंगाला वीसचा बघू."

"गुलाबपाण्याला एवढं कशाला हो?"

"माझे गुलाब जड आहेत," म्हणालात.

त्यानं वीसचा पत्रा आणून भिंतीला उभा केला. तुम्ही त्याला गाल लावलात. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नख मारलंत, आणि पत्रा गुणगुणला, लांबपर्यंत. तुम्ही डोळे मिटून तो आवाज संपेपर्यंत थांबलात. मग माझ्या कानात म्हणालात, "बावीस बडबडो, अठरा मुको. ह्यो कसो, इचारल्यार बोलता. भाटीत काय चल्लाहा ता भायर कळाक होया, शुभा. आतलो आवाज ज्येका ऐकाक येणा नाय, त्येणी भाटी लावू नये."

त्यानंतर आपलं घर म्हणजे तांबटआळी झाली होती. पाण्याच्या पिंपावर पत्रा गुंडाळून गोल केला, कडा एकमेकींत दुमडल्या. मी साकीनाक्याच्या फॅक्टरीत टीव्हीच्या पट्ट्यांवर सोल्डरिंग करत होते, तेव्हा मोठ्या ऐटीत तिथली सोल्डरची गुंडाळी घेऊन आले. तुम्ही ती वास घेऊन फेकून दिलीत. "ह्याच्यात शिसा आसा. एक इख प्याललो गेलो तो पुरे नाय झालो?" मग कल्हईवाल्याकडून निव्वळ कथिल आणलं आणि माझ्याकडून सांधे भरून घेतलेत. माझा हात चालत असताना तुम्ही जवळ बसून बघत होतात, आणि एकदाच म्हणालात, "तुझ्या हाताक वळण आसा गो." वन्सं, सासरी आल्यापासून माझ्या हाताचं कुणी कौतुक केलं नव्हतं. मी मान खाली घालून सांधाच भरत राहिले.

चाळीत सांगितलं, अंघोळीचा बंब करतोय. डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारं विमान गेलं की तो अर्धवट बंब परसात एकटाच गुणगुणायचा. हे म्हणायचे, विमानामुळे होतंय. मीही तसंच म्हणायचे.

भाटी लावली तो रविवार मला जसाच्या तसा आठवतो. परीक्षांचे दिवस होते, म्हणून चाळीत रेडिओसुद्धा बंद होते. हे घरीच होते, पण परसाचं दार ओढून घेऊन आत बसले होते. मडक्यात आंबलेलं गुळाचं पाणी तुम्ही भांड्यात ओतलंत, वर टोपडं बसवलंत, सांध्यांना कणीक थापलीत. नळी पाण्याच्या बादलीतून बाहेर काढलीत. शेगडी पेटली.

पत्रा आधी टिकटिकला. तांबं तापताना टिकटिकतंच, मला ठाऊक होतं. मग आतून बारीक थापा पडल्यासारखं व्हायला लागलं. तुम्ही कान लावून बसला होतात, आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी फक्त एकदा पाहिलं होतं, तुमच्या लग्नाच्या फोटोत.

नळीच्या तोंडाशी पहिला थेंब आला. पानाचा द्रोण धरलात. द्रोण भरल्यावर परसातल्या शेवग्याच्या मुळाशी गेलात, आणि गाऱ्हाणं घातलंत. मला आधी शिकवून ठेवलं होतंत, तू फक्त व्हय म्हाराजा म्हणायचं.

"बा म्हाराजा, जो कोणी या जागेचो आसशीत, जो कोणी वाटेक आसशीत..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"ह्या लेकराच्या हातून चुकान तुमचो वाटो गेलोहा..."

"व्हय म्हाराजा."

"तो आज तुमचो तुमका परत दिलोहा. तो गोड मानून घेया, आणि तेची वाट मोकळी करा..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. आणि माझ्या मागून, माझा आवाज थांबल्यावर, तेच परत आलं. हळू. भांड्यातून. बाप्याचा आवाज, जरा घोगरा, घोट घेतल्यावर येतो तसा.

व्हय म्हाराजा.

त्या वेळी आकाशात विमान नव्हतं, वन्सं. मी वर बघितलं होतं. मला किंचाळायचं होतं, पण तुम्ही माझं मनगट धरलंत. तुमचा हात थंडगार होता. द्रोण उपडा केलात आणि मला ओढत, मागे न बघता, दारापर्यंत आणलंत. दार उघडून हे उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं, चेहरा सांगत होता. तुम्ही सरळ आत जाऊन यांच्या पुढ्यात बसलात आणि पहिल्यांदा, भाऊजी गेल्यापासून पहिल्यांदा, भोकाड पसरून रडलात.

राहिलेलं सगळं तुम्ही मोरीत ओतलंत. आमच्या घरात दिवसा बल्ब पुन्हा लागला नाही.

मग पुढची वर्षं किती चांगली गेली! तुम्ही मला तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं शिकवलंत, मी तुम्हाला टीव्हीवरच्या मालिका बघायला शिकवलं. तुम्ही पडद्यावरच्या सासवांशी मोठ्यानं भांडायचात. आणि भांडं तेवढं दर दिवाळीला चिंच लावून लखलखीत घासायचात. मी विचारलं होतं ना एकदा, कशाला ठेवलंय आता? "आसांदे," म्हणालात. वन्सं, याला काय उत्तर म्हणतात?

तुम्ही गेलातही साध्या. किडनीचं निमित्त, हॉस्पिटलची खाट, सकाळची पेज. पेज खारट झाली म्हणून आयाला दोन शब्द सुनावलेत आणि कुशीवर वळलात. बस. मी डबा घेऊन पोचले तेव्हा चादर तोंडावर होती.

आता कालचं. त्यासाठीच एवढं लिहिलं, पण थोडं मागून सांगते.

भंगारवाला येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. एक बाई उतरली, माझ्याच वयाची, आणि तिनं हात धरून एका माणसाला उतरवलं. काळा चष्मा, हातात काठी. ती म्हणाली, मी कुसुम. मुलुंडहून आले. इंदूताई आहेत का?

भाऊजींच्या हॉस्पिटलातली ती कुसुम! तुम्ही दोघी एका बाकड्यावर बसून रात्री काढल्या होत्या ना? तिचा नवरा तुकाराम त्या हळदीला भाऊजींच्या शेजारी बसला होता. तो वाचला, डोळे गेले. तुम्ही तिच्याबद्दल बोलायचात, पण आमची गाठ कधी पडली नव्हती. तुम्ही गेल्याचं तिला माहीत नव्हतं. हार घातलेला फोटो बघून ती मटकन खाली बसली.

आणि तुकाराम? तो आत आला, काठीनं जमीन चाचपली, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जी तुमची बसायची जागा, तिथं वळून त्यानं हात जोडले. "नमस्कार इंदूताई. बऱ्या आहात ना?"

तिथं कुणी नव्हतं. तुमचा पाट होता, भिंतीला टेकवलेला. मी कुसुमकडे बघितलं, तिनं मान हलवली. त्याला सांगू नका, अशी.

पाणी प्याल्यावर ती म्हणाली, "इंदूताईंनी मला मागं एकदा सांगितलं होतं, त्यांनी काय केलं ते. मी हसले होते. ताई, आम्ही बौद्ध. भूतखेत, नवससायास, असलं काही आमच्या घरात नाही. माझा बाप भाषणं करायचा या विरुद्ध. मी आजही मानत नाही. पण..."

"पण काय?"

"पण माझ्या घरात मी आणि हा, एवढेच राहत नाही."

मग तुकाराम बोलला, तुमच्या पाटाकडे तोंड करून. "लोक म्हणतात आंधळ्याला अंधार. मला कुठला अंधार? सगळं पांढरं आहे. चुना मारलेल्या भिंतीसारखं. झोपलो तरी पांढरं. आणि त्या पांढऱ्यात ते बसलेले असतात. हळदीला बसलो होतो तशी पंगत. ग्लास पुढं धरलेले. बोलत नाहीत काही. माझ्याकडे बघतात, म्हणत काही नाहीत, पण मला कळतं. चल म्हणतायत."

"भाऊजी पण?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दत्ता होता आधी. एक दिवस उठून गेला. ग्लास तिथंच ठेवून."

"कधी?"

"लय वर्षं झाली. आमच्या पोरीची दहावीची परीक्षा चालू होती." परीक्षांचे दिवस, वन्सं. आपला तोच रविवार!

"मी मेलो नाही म्हणून ते थांबलेत," तो म्हणाला. "डोळे तेवढे घेऊन गेले. आता हल्ली जवळ सरकायला लागलेत. परवा माझ्या मांडीला मांडी लागली एकाची."

वन्सं, मला गाऱ्हाणं येत नाही. आंबवण किती दिवस ठेवायचं तेही नीट आठवत नव्हतं. मी त्यांना काय सांगणार होते, की बाबांनो, करणारी गेली, मी फक्त सांधे भरले? संध्याकाळी यांना सांगितलं, भीत भीत. यांनी पायात चपला सरकवल्या आणि वाण्याकडून गूळ घेऊन आले. तुमचा भाऊ! मला त्याक्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले, पण मी नुसतं मडकं पुढं केलं.

आंबवण तयार झालं, तसा कुसुमला निरोप दिला, आणि काल ते दोघं आले. यांनी शेगडी पेटवून दिली आणि या वेळी आत गेले नाहीत, परसातच भिंतीला टेकून उभे राहिले. मी कणीक थापली. तुकारामला दुसऱ्या एका पाटावर बसवलं. पत्रा टिकटिकायला लागला, मी कान लावला, पण मला तुमच्यासारखं काही कळेना. त्यानंच सांगितलं. "आता आत फिरायला लागलंय. आता वर चढतंय. बाई, नळीला हात लावा." आणि खरंच, थेंब आला.

द्रोण त्याच्या हातात दिला. कुसुमनं त्याचं मनगट धरलं. मी शेवग्यापाशी उभी राहून म्हणायला लागले, बा म्हाराजा, जो कोणी या जागेचो... आणि पुढं सगळं पुसलं गेलं. एक शब्द आठवेना! तिघंही माझ्याकडे तोंड करून थांबलेले. मग मी आपल्या साध्या बोलीत म्हटलं, "बाबांनो, तुमचा वाटा यानं चुकून प्याला. तो तुम्हाला परत देतोय. आता याला सोडा."

यांनी भिंतीपाशी हळूच "व्हय म्हाराजा" म्हटलं. यांनी! आणि मग कुसुम, जी काही मानत नाही, ती जमिनीकडे बघून मोलकरणीला खडसावावं तशी बोलली, "घ्या आणि जा. याला अजून माझ्याबरोबर जगायचंय."

तुकारामनं द्रोण उपडा केला.

मी भांड्याकडे बघत होते. आवाज येईल म्हणून अंग आवळून उभी होते. आला नाही. फक्त उकळी. एक विमान खाली उतरत गेलं, त्याची घरघर परसावरून सरकली आणि निघून गेली.

मग तुकारामनं चष्मा काढला. डोळे उघडे होते, दुधासारखे. त्यानं मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, एखाद्या रिकाम्या खोलीत फिरावं तशी.

"काय झालं?" कुसुमनं घाबरून विचारलं. "काय दिसतंय तुला?"

"काही नाही," तो म्हणाला. "कुणी नाही गं. काळोख आहे. नुसता काळाकुट्ट काळोख." आणि तो हसायला लागला, गालांवरून पाणी वाहत असताना. "कुसुम, किती थंड वाटतंय डोळ्यांना!"

तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. आम्ही दोघं आत निघून आलो.

निघताना त्यानं माझ्या पाया पडायचा प्रयत्न केला, मी पडू दिलं नाही. यांनी त्याला हात धरून रिक्षात बसवलं. सगळं छान झालं, वन्सं. पण जाताना तो तुमच्या पाटासमोरून गेला आणि थांबला नाही. हात जोडले नाहीत. तिथं कुणी आहे असं त्याला वाटलंच नाही.

म्हणजे तुम्हीही गेलात का? याच्यासाठीच थांबला होतात, भांडं कोमट ठेवून? मी रात्रभर त्या पाटाकडे बघत पडले होते. आणि एवढे दिवस इथंच होतात, तर एकदा मला हाक मारायला काय झालं होतं?

असो. तुमच्यावर रागावायची मला सवय नाही, आता नवीन लावून घेत नाही.

एक वचन देते आणि थांबते. त्या हळदीला आणखी माणसं होती, त्यांच्याही बायका त्या बाकड्यावर बसल्या होत्या. कुसुमला काहींची घरं माहीत आहेत, भांडुपला, डोंगरावर, कुठं कुठं. पुढच्या रविवारपासून आम्ही दोघी एकेक दार वाजवणार आहोत. तिथं काही मानत असोत, नसोत, आधी फक्त विचारणार, घरात सगळं ठीक आहे ना? जिथं ठीक नसेल, तिथल्या माणसाला मी परसात आणीन, शेगडी पेटवीन आणि पहिला द्रोण त्याच्याच हातात देईन. गाऱ्हाणं मला आलं नाही, तरी जे येईल ते बोलेन. कुणालाही परत पाठवणार नाही.

तुमची भावजय,
शुभा